कैलासवासी सहदेव मढवी, मुक्काम भोपर

सहदेव मढवी टीव्हीवर मेला, त्याला आता बरीच वर्षं झाली. पण मेल्यापासून डोंबिवलीत त्याला जेवढी माणसं ओळखायला लागली, तेवढी त्याआधी कधी ओळखत नव्हती. मासळीबाजारात कोलंबी घ्यायला वाकला की कोळीण दुसऱ्या गिऱ्हाइकाला सोडून त्याला हात जोडते आणि म्हणते, "अण्णा, तुम्ही सुटलात." आणि वर एक मूठ जास्त टाकते. मेलेल्या माणसाचा मान.

सहदेव भोपरचा. म्हणजे डोंबिवलीचाच, पण डोंबिवली नव्हती तेव्हापासूनचा. आगरी माणूस. बापाची भातशेती होती, तिथं आता सात मजल्यांची बिल्डिंग उभी आहे आणि त्यात दुसऱ्या मजल्यावर मढव्यांना दोन खोल्या मिळाल्यात. कुणी घरी आलं की सहदेव त्याला खुर्चीवर बसवतो आणि सांगतो, "बरोबर बांधावं बसलास बग. तुज्या उजव्या हाताला चिखल."

धंद्यानं तो सुतार. गावच्या नाटकांचे पडदे आणि दरवाजे उभे करता करता मालिकांच्या सेटवर आला आणि सेटिंगदादा झाला. सेटिंगदादा म्हणजे ज्याच्या कमरेला हातोडी असते आणि ज्याला कुणीही हाक मारतं. कपाट इकडं घ्या, सोफा तिकडं घ्या, भिंत जरा मागं सरकवा. भिंत मागं सरकवणारा माणूस म्हणून सहदेवला त्या कामाचा अभिमान होता. "आपल्या घरची भिंत कुनाला हलवता येते का?" असं तो विचारायचा.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एका बंद पडलेल्या कंपनीच्या शेडमध्ये 'चाललंय ते बरंय' या विनोदी मालिकेचा सेट लागला, तेव्हापासून सहदेव तिथं आहे. मालिकेतलं कुटुंब राहतं नौपाड्यात, दोन खोल्यांत. घरात आई, बायको आणि यशवंत. यशवंत विमा एजंट. त्याच्याकडून विमा कुणी घेत नाही आणि त्याचं काही धड होत नाही. प्रत्येक भागात तो काहीतरी उपद्व्याप करतो, तो अंगाशी येतो, आणि शेवटी दमून तो वडिलांच्या हार घातलेल्या फोटोपुढं उभा राहतो, हात जोडतो आणि म्हणतो, "अण्णा, तुम्ही सुटलात." की संपला भाग.

या एका वाक्यावर मालिका चालली. लोकांनी ते कपांवर छापलं, रिक्षांच्या मागं रंगवलं.

आणि फोटोतले अण्णा म्हणजे आपला सहदेव.

झालं असं, की पहिल्या दिवशी गोडाऊनमधून जो फोटो आला, त्यातला माणूस कुठल्यातरी संस्थानचा दिवाण वाटत होता. मिशा कानापर्यंत, छातीवर बिल्ले. दिग्दर्शिका योगिनी नौपाड्यातच वाढलेली. तिनं फोटो बघितला आणि म्हणाली, "हा माणूस सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्यावरून भांडेल असं वाटतं का तुम्हाला?" कुणालाच वाटेना. मग तिनं वर बघितलं. शिडीवर सहदेव खिळा तोंडात धरून उभा होता.

"दादा, तुमचा चेहरा फार छान आहे हो," ती म्हणाली. "अगदी रिटायर झाल्यासारखा."

सहदेव तेव्हा पन्नाशीचाही नव्हता. पण तो खूश झाला. कपडेपटातून कोट आणला, काळी टोपी आणली, डोळ्यांवर चष्मा चढवला, फोटो काढला, जेवणाच्या सुट्टीपर्यंत छापून फ्रेम होऊन आला. भिंतीत खिळा ठोकायला सेटिंगदादाच हवा. तेव्हा सहदेवनं स्वतःला स्वतःच्या हातानं भिंतीवर टांगलं, चार पावलं मागं जाऊन सरळ आहे का ते पाहिलं, आणि डावीकडून किंचित खाली घेतलं.

मग आर्टवाल्यांनी चंदनाचा हार आणला.

"ह्यो कशाला?" सहदेवनं विचारलं.

"अण्णा वारलेत ना."

"कदी?"

"मालिका सुरू व्हायच्या आधीच."

सहदेवनं थोडा विचार केला. जे झालं ते आपल्याला न विचारता आधीच होऊन गेलंय, असं ध्यानात आल्यावर त्यानं हार घेतला आणि फोटोला घातला.

पहिला भाग लागला तेव्हा तो घरी ताटावर बसला होता. सुके बोंबील होते. बायको शकू टीव्हीपुढं. फोटो आला, हार आला, यशवंतनं हात जोडले. शकूनं टीव्हीकडं बघितलं, मग नवऱ्याकडं बघितलं. मग उठली आणि त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की बोंबील ताटाबाहेर गेला.

"आय गं," सहदेव म्हणाला.

"जिता हाय," शकू म्हणाली आणि रडायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्याला आवडाबाईकडं नेलं. आवडाबाई तिची मावशी. भोपरात कुणाला काय बाधतं, कुणी काय ओलांडलं, याचा निकाल तीच देते. तिनं सगळं ऐकून घेतलं, मिश्री घासून तोंड धुतलं आणि सांगितलं, "हार परला का यमाचा मानूस बगाला येतंय. त्याला वाटतंय काम झायला. तवा यानी तयाच, त्या फोटूच्या समोर, हार असतानाच मोठ्यानी हसाचा. यमाचा मानूस बोलतंय, यो तर जिता हाय, पत्ता चुकला. आन जातंय परत."

"आन नाय हसला तं?" शकूनं विचारलं.

आवडाबाईनं तिच्या कुंकवाकडं नुसतं पाहिलं. एवढं पुरलं.

सहदेवनं लाजत लाजत योगिनीला हे सांगितलं. सेटवर मेलेल्याचा शॉट दिलेला नट उठून कॅमेऱ्याकडं बघून हसतो, पेढा खातो, हे तिला ठाऊकच होतं. ती म्हणाली, "हसा की दादा. मी कट म्हटलं की हसा. आमचं काय जातंय?"

तेव्हापासून तो रिवाज पडला. यशवंतनं फोटोपुढं वाक्य म्हणायचं, योगिनीनं कट म्हणायचं, आणि फोटोच्या बरोबर समोर, यशवंतच्या पाठीमागं उभ्या असलेल्या सहदेवनं हसायचं. ते हसणं म्हणजे थंडीत स्कूटर चालू करावी तसं. हा. हा. हाऽऽऽ. मग लगेच तोंड जागेवर आणायचं, पुढं जाऊन हार उतरवायचा, पिशवीत घालायचा, आणि कपाट हलवायला जायचं. सुरुवातीला युनिट बरोबर हसायचं. पुढं पुढं कुणाच्या ध्यानातही येईना. शेजारच्या घरातल्या कुकरची शिट्टी कुणी ऐकतं का?

फोटोनं सहदेवला मात्र माणसात आणलं. पूर्वी बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये त्याला कुणी विचारत नसे. आता "अण्णांचं काय म्हणणं आहे?" असं विचारतात. गणपतीत मंडळानं त्याला आरतीला बोलावलं आणि चौकात बॅनर लावला: 'प्रमुख पाहुणे, मालिकाफेम कै. अण्णा.' शकूनं शिडी मागवून त्या 'कै.'वर कागद चिकटवला. सहदेव खाली उभा राहून म्हणत होता, "अगं, र्‍हाव दे. त्याच्यामुळंच बोलावलंय."

मग यशवंतचं काम करणारा प्रशांत हिंदीत गेला.

एका आठवड्यात चॅनलनं नवा यशवंत पाठवला. ऋतुराज. कल्याणचा मुलगा, एकांकिका स्पर्धांत बक्षिसं मिळवलेला, एका टूथपेस्टच्या जाहिरातीत दात दाखवलेला. प्रशांत बुटका होता, हा उंच. प्रशांत माळ्यावरचा डबा काढायला उड्या मारायचा आणि लोक हसायचे. ऋतुराजनं पहिल्याच तालमीत सरळ उभा राहून माळ्याला कपाळ आपटलं. मग उड्यांच्या जागी लेखकांनी कपाळ आपटणं घातलं. भिंतीवरचे लग्नाचे, मुंजीचे, गोव्याच्या सहलीचे सगळे फोटो उतरवून त्यांत नवा चेहरा बसवला. ते काम सहदेवनंच केलं. एक फोटो तेवढा हलवायला लागला नाही.

मालिकेत बदल असा दाखवला: यशवंत दाढी करायला बाथरूममध्ये जातो, बाहेर येतो तो ऋतुराज. आई म्हणते, "दाढी केलीस होय? चेहरा जरा मोकळा झाला." आणि भाजी निवडायला घेते.

आईनं चालवून घेतलं, प्रेक्षकांनी नाही. लोकांनी इंटरनेटवर भागांच्या खाली कॉमेंट्स लिहायला सुरुवात केली. 'हा यशवंत नाही, यशवंतचा भाडेकरू वाटतो.' 'दाढी परत वाढवा, बघू जुना येतो का.' ऋतुराज मेकअप रूममध्ये बसून सगळं वाचायचा. त्याचं वाचायचं काही राहिलं तर कल्याणहून आई फोन करून वाचून दाखवायची.

आणि या सगळ्याच्या वर सहदेवचं हसणं.

पहिल्या दिवशी ऋतुराजनं ते वाक्य घेतलं. रात्रभर आरशासमोर घोकलेलं. हात जोडले, खांदे पाडले, आवाज जरा ओला केला आणि म्हणाला, "अण्णा, तुम्ही सुटलात."

"कट," योगिनी म्हणाली.

ऋतुराज वळला. समोर कमरेला हातोडी लावलेला एक माणूस तोंड उघडून, डोळे त्याच्यावर रोखून हसत होता. हा. हा. हाऽऽऽ. आणि मग चेहरा एकदम कोरा करून त्याच्या शेजारून जाऊन तो भिंतीवरचा हार काढायला लागला, जसं काही झालंच नाही.

ऋतुराजनं आजूबाजूला पाहिलं. कुणी वरसुद्धा बघितलं नाही. आता फोटोत कोट, टोपी आणि चष्मा होता. समोर होता मळका टी-शर्ट. फोटोतला माणूस आणि हा माणूस एकच, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, कारण ते सांगायची गोष्ट आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं.

तो योगिनीकडं गेला. "मॅडम, कसं झालं?"

"छान झालं."

"मग ते हसले ते?"

"कोण हसलं?" योगिनी म्हणाली. तिनं खरंच ऐकलं नव्हतं.

म्हणजे सगळे मिळालेले आहेत, असं ऋतुराजनं ठरवलं. प्रशांतची माणसं. त्यानं पुढच्या वेळी वाक्य झटक्यात म्हटलं. हा. हा. हाऽऽऽ. मग रडवेलं म्हटलं. हा. हा. हाऽऽऽ. एकदा तर त्यानं नुसते हात जोडले, वाक्य गिळून टाकलं. तरी मागून हसणं आलंच. बायकोचं काम करणारी मृणाल त्याचा पडलेला चेहरा बघून म्हणाली, "अरे, लक्ष नको देऊस. बोलतात लोक चार दिवस." ती कॉमेंट्सबद्दल बोलत होती. ऋतुराजला वाटलं, हिलाही माहितीये तर.

शेवटी त्यानं धीर केला आणि चहाच्या वेळेला सहदेवला गाठलं.

"दादा, एक विचारू? मी वाक्य म्हटलं की तुम्ही हसता."

"हो ना सर," सहदेव म्हणाला. "हसावं लागतं."

"प्रशांतला पण हसायचात?"

"तर. पन खरं सांगू का सर, त्यांच्या टायमाला मनापासून येत नव्हतं. ओढूनताणून हसायचो. तुम्ही आल्यापासून चांगलं जमतंय."

ऋतुराजच्या हातातला कप थांबला.

"काय कमी पडतंय का?" सहदेवनं काळजीनं विचारलं. "थोडं मोठ्यानं हसू?"

ऋतुराजचे कान लाल झाले. तो तडक योगिनीकडं गेला. "मॅडम, फोटोच्या सीनला ते सेटिंगवाले दादा मला आसपास नकोत." नट असं बऱ्याचदा सांगतात. नजरेसमोर कुणी हललं की लक्ष उडतं म्हणून माणसं बाजूला करायला लावतात. योगिनीनं संवादांच्या कागदातून डोकं न काढता हाक मारली, "सहदेवदादा, अण्णांच्या सीनला आजपासून बाहेर थांबा."

"आनी माझं ते?"

"काय ते?"

"हसायचं."

"बाहेर हसा," योगिनी म्हणाली.

सहदेव बाहेर गेला. शेडच्या बाहेर माल उतरवायला टेम्पो लागलेले असायचे. त्यांच्या बाजूला उभा राहून, आतून कट ऐकू आलं की तो भिंतीकडं तोंड करून हसायचा. टेम्पोवाल्यांनी दोन दिवस बघितलं आणि टेम्पो जरा लांब लावायला सुरुवात केली. सहदेवला पुरतं कळत होतं, हे खरं नाही. यमाचा माणूस येणार तो आत, फोटोपाशी. बाहेर हसून त्याला काय कळणार? पण मॅडमना परत सांगायची त्याला भीती वाटायची. फार कुरकुर केली तर म्हणतील, एवढं असेल तर तो फोटोच काढा, नव्या यशवंतला नवा बाप आणा. सगळे फोटो बदललेच होते की.

संध्याकाळी शकू रोज विचारायची, "हसलाव का?"

"हसलू," सहदेव म्हणायचा. खोटं नव्हतं.

असे काही भाग गेले आणि एक दिवस त्याच्या पायाखालचं स्टूल मोडलं. उंची फार नव्हती, पण पाय मुरगळला, घोटा नारळाएवढा झाला. युनिटच्या गाडीनं घरी आणून सोडलं. शकूनं हळद लावली, पट्टी बांधली, आणि पट्टीची गाठ हातात धरूनच विचारलं, "खरा सांगा. हसलाव का?"

"हसलू."

"कुटं?"

शकूनं गाठ जरा ओढली.

"भायेर," तो म्हणाला. "टेम्पोच्या बाजूला."

सगळं बाहेर आलं. शकू ऐकत होती आणि तिचा चेहरा उतरत होता. "आज स्टूल मोरला," ती म्हणाली. "उद्या शिरी मोरंल. मना काय बी नको. एक तं तुमी फोटूच्या समोर हसाचा, नायतं तो फोटू कारून घरी आनाचा."

"फोटू कारला तं मंग मना कोन वलखनार?" सहदेव म्हणाला. "अगं, यवरी वर्सं जिता होतू तवा कुनी बगला नाय माज्याकरं."

"मी बगत होती," शकू म्हणाली.



दुसऱ्या दिवशी शकू त्याला घेऊन निघाली. सहदेव काठी टेकत, ती त्याच्या पुढं. शीळफाट्यावरून बसनं ठाण्याला, तिथून रिक्षानं वागळे इस्टेट. पोचले तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. सहदेव मॅडमना शोधायला आत गेला आणि शकू शेडच्या मागच्या पायरीवर टेकली. तिथं एक उंच पोरगा बनियन-पायजम्यात बसून डब्यातली भेंडीची भाजी चिवडत होता. कपाळावर टेंगूळ.

"लाइटीचा काम करतंस?" शकूनं विचारलं.

"नाही," तो म्हणाला.

"मंग टेंगूल कशाचा आयला?"

"कामाचंच आहे."

"आमच्या मानसाचा पाय सुजलाय," शकू म्हणाली. "त्यो नवा हिरो आयलाय ना, त्याच्यामुलं."

त्या पोराचा घास तोंडातच राहिला. "त्यानं काय केलं?"

"आमच्या मानसाला हसाची बंदी केली." आणि मग शकूनं त्याला सगळं सांगितलं. हार, बोंबील, चिमटा, आवडाबाई, यमाचा माणूस, चुकलेला पत्ता. पदरानं डोळे पुसत, मध्येच त्याच्या डब्यातली भेंडी कच्ची राहिलीय असंही सांगितलं. "पाच वर्सं हसतंय त्यो. कुनाचा काय नेला? या हिरोला बोललास ना, तं सांग त्याला. आमचा मानूस त्याचा बाप हाय. नाटकान झायला तरी काय झायला, बापाला कुनी भायेर कारतंय का?"

पोरगा तिच्याकडं बघतच राहिला. "म्हणजे फोटोतले अण्णा तेच आहेत? ते दादा?"

"मंग कोन?"

"म्हणजे ते मला हसत नव्हते?"

"तुला?" शकूनं त्याच्याकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग टेंगूळ पाहिलं, आणि माळ्याला कपाळ आपटणारा हिरो तो हाच, हे तिला कळलं. पण शकू सांगितलेलं मागं घेणाऱ्यांतली नव्हे. "अरं बाला," ती मायेनं म्हणाली, "तुला कोन हसंल? तू यवरा कुटं हसवतंस?"

इतक्या दिवसांत कुणाच्या बोलण्यानं ऋतुराजला एवढं बरं वाटलं नव्हतं. त्यानं डबा बाजूला ठेवला आणि डोकं गुडघ्यांत घालून तो थरथरायला लागला. शकूला वाटलं रडतोय. तिनं पाठीवरून हात फिरवला. तो हसत होता.

आत गेल्यावर त्यानं योगिनीला सांगितलं, योगिनीनं कपाळावर हात मारला, आणि मग शकूनं आपला मुद्दा मांडला. जेवढे सीन सहदेवविना झाले, त्यांचं हसणं राहिलंय. ते आज इथं, फोटोपुढं, हार घालून व्हायला पाहिजे. पुढचं पुढं.

"करूया," योगिनी म्हणाली. "दादा, घ्या हार."

सहदेवनं लंगडत जाऊन स्वतःला हार घातला आणि जागेवर येऊन उभा राहिला. युनिट गोळा झालं. लाइटवाले, कपडेपट, मेकअप, मृणाल, बाहेरचे दोन टेम्पोवाले, ज्यांना त्या भिंतीकडच्या हसण्याचा उलगडा हवाच होता. सगळे सहदेवकडं बघत होते.

सहदेवनं तोंड उघडलं. काही आलं नाही.

त्यानं घसा साफ केला, परत उघडलं. "हा," तो म्हणाला, आणि स्कूटर बंद पडली. पाच वर्षं त्याच्या हसण्याकडं कुणी बघितलं नव्हतं. आता सगळी शेड बघत होती.

"हसा ना," शकू म्हणाली.

"येत नाय."

"मंग रोज कसा येत व्हता?"

"तवा कुनी बगत नव्हता."

शकू रडकुंडीला आली. तिनं ऋतुराजकडं वळून बघितलं. "तू हिरो ना? मंग हसव त्याला. त्याचेच पैशे देतान ना तुला?"

ऋतुराजनं माळ्याला कपाळ आपटून दाखवलं. सहदेव म्हणाला, "सर, लागेल. ती फळी अजून पक्की नाही." ऋतुराजनं आईचा आवाज काढला, पोलिसाची चाल केली, टूथपेस्टचे दात दाखवले. टेम्पोवाले हसले, मृणाल हसली. सहदेव मान हलवून चांगलं चाललंय म्हणत होता, पण हसू काही येत नव्हतं, आणि फोटोवर हार तसाच होता. शकू कंबरेवर हात ठेवून नवऱ्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. "हसताव का नाय?" ती दबल्या आवाजात म्हणाली. "घरी चला, मंग बगतंय."

ऋतुराजनं ते ऐकलं. तो थकून फोटोकडं वळला. हात जोडले. आणि मग मान किंचित मागं वळवून त्यानं शकूकडं पाहिलं, कंबरेवरच्या त्या दोन हातांकडं पाहिलं, परत फोटोकडं पाहिलं, आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, एका गड्यानं दुसऱ्या गड्याला सांगावं तसा म्हणाला, "अण्णा, तुम्ही सुटलात."

सहदेवच्या पोटातून काहीतरी वर आलं. आधी खांदे हलले, मग काठी हलली. मग तो असा हसला की त्याला काठी सोडून कपाटाला धरावं लागलं, आणि कपाट त्यानंच चाकांवर बसवलेलं असल्यामुळं ते त्याच्यासकट स्वयंपाकघरापर्यंत गेलं. शेडमधला एकूण एक माणूस हसत होता. योगिनी डोळे पुसत कॅमेरामनला म्हणाली, "तू चालू ठेवला होतास ना? ठेवला होतास असं सांग."

"ऋतुराज, ते मागं बघणं," ती म्हणाली. "ते रोज. मृणाल स्वयंपाकघराच्या दारात उभी राहील. तिच्याकडं बघायचं, आणि मगच वाक्य."

ऋतुराजनं मान डोलावली. तो सहदेवला कपाटापासून सोडवत होता. "दादा," तो म्हणाला, "उद्यापासून माझ्या बरोबर मागं उभे राहा. मला ऐकू आलं पाहिजे."

शकू मात्र हसली नव्हती. तिनं समाधानानं फोटोकडं पाहिलं, सहदेवनं हार उतरवून पिशवीत घातल्याची खात्री केली आणि सगळ्यांना उद्देशून म्हणाली, "झायला बाबा. यवऱ्यान मागचा सगला फिटला आसंल." मग विचारलं, "पन तुमी सगली कशाला हसलाव?"

सगळे एकदम कामाला लागले. कुणी लाइट उचलला, कुणी सोफा.

परत जाताना बसमध्ये खिडकी मिळाली. माजिवड्याचा पूल गेला, मुंब्रा गेलं. शकू विचार करत होती. ऋतुराज मागं वळला होता. कुणाकडं वळला होता? शेजारी कोण होतं? आपण होतो. शीळफाट्याला बस वळली आणि तिच्या कोपरानं सहदेवच्या बरगडीत असा ठोसा दिला की कंडक्टरनं वळून बघितलं.

"आय गं," सहदेव म्हणाला.

शकू खिडकीबाहेर बघत होती. पदर तोंडावर धरला होता आणि पाठ हलत होती. बऱ्याच वेळानं तिनं पदर काढला, नाक पुसलं आणि म्हणाली, "उद्यापासून मी येनार तुमच्याबरोबर. रोज. तुमी खरा हसताव का नाय, त्या बगाला."

"ये," सहदेव म्हणाला, बरगडी चोळत. "पन माज्या शेजारीच उभी रव. तू दिसलीस का त्या पोराला पन जमतंय आन मना पन."